पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (जन्म : २३ एप्रिल १८५८, मृत्यू : ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, लेखिका, बायबलच्या मराठी भाषांतरकार आणि शारदा सदन व मुक्ती मिशन या संस्थांच्या संस्थापक होत्या. उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी केलेले कार्य महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हिंदू मुलींसाठी चालवलेल्या संस्थेच्या ख्रिस्ती प्रमुखाने आपली श्रद्धा उघडपणे आचरावी की खाजगी ठेवावी, हा प्रश्न पुढे त्यांच्या कार्याच्या केंद्रस्थानी आला. १८९३ मध्ये पुण्यात याच प्रश्नावरून झालेला वाद एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील गाजलेल्या वादांपैकी एक आहे.

बालपण आणि भ्रमंती

रमाबाईंचा जन्म पश्चिम घाटातील गंगामूळ येथे (सध्या कर्नाटक राज्यात) एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे विद्वान होते. स्त्रियांना संस्कृत शिकवणे त्या काळी धर्मबाह्य मानले जात असतानाही त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. त्यामुळे त्यांना सनातनी मंडळींचा रोष पत्करावा लागला आणि त्यांनी अरण्यात आश्रम करून राहणे पसंत केले. रमाबाईंना संस्कृतचे पहिले पाठ आईकडूनच मिळाले.

पुढे आर्थिक विपन्नतेमुळे कुटुंबाला आश्रम सोडावा लागला. तीर्थक्षेत्री पुराण सांगत आणि मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करत हे कुटुंब अनेक वर्षे देशभर फिरत राहिले. दक्षिणेत दुष्काळाच्या काळात उपासमारीने रमाबाईंचे आई-वडील व थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. त्यानंतर रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी पायी प्रवास सुरू ठेवला. या भ्रमंतीत व्रते, उपवास व दाने करूनही कुटुंबाची झालेली वाताहत पाहून त्यांचा पारंपरिक कर्मकांडावरील विश्वास डळमळीत झाला.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांच्या सांगण्यावरून त्यांनी वेदांचा अभ्यास सुरू केला. १८८० मध्ये श्रीनिवास यांचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये त्यांना मनोरमा ही कन्या झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या आजाराने बिपिनबिहारींचे निधन झाले.

आसाममधील वास्तव्यात रमाबाईंच्या हाती लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत आली होती. एका बाप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्यांनी ख्रिस्ती मताची माहिती करून घेतली होती. परंतु पत्नीने ख्रिस्ती होण्याचा विचार करावा हे बिपिनबिहारींना मान्य नव्हते. त्यामुळे हा विषय त्या वेळी मागे पडला.

पुण्यातील कार्य

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि प्रार्थना समाजाशी संबंधित इतर सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी त्यांचे स्त्रीधर्मनीति हे पुस्तक प्रसिद्ध झाले. हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची आवश्यकता मांडली.

पुण्यातच त्यांचा संबंध फादर नीलकंठ (नेहेम्या) गोऱ्हे यांच्याशी आला. गोऱ्हे हे काशीत वाढलेले महाराष्ट्रीय ब्राह्मण होते आणि शास्त्राभ्यासानंतर ख्रिस्ती झाले होते. हिंदू दर्शनांची परिभाषा वापरून ख्रिस्ती मत मांडण्याची त्यांची पद्धत रमाबाईंना प्रभावी वाटली. तथापि, या काळात त्यांनी धर्मांतराचा निर्णय घेतला नव्हता.

इंग्लंड आणि धर्मांतर

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने रमाबाई १८८३ मध्ये कन्या मनोरमा आणि सहकारी आनंदीबाई भगत यांच्यासह इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. तेथे आनंदीबाई भगत यांचा दुर्दैवी अंत झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार त्यांना सोडावा लागला. त्यानंतर त्यांनी चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात अध्ययन व संस्कृतचे अध्यापन केले.

धर्मांतराच्या बातमीने महाराष्ट्रात खळबळ उडाली. अनेक सुधारकांना हा विश्वासघात वाटला, तर महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ च्या सत्सार या नियतकालिक पुस्तिकेत रमाबाईंच्या निर्णयाचे समर्थन केले.

इंग्लंडमध्ये रमाबाईंना वेगळ्याच अडचणीला तोंड द्यावे लागले. त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा होती की, नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीने चर्चचा अधिकार आणि सर्व सिद्धांत विनाशंका मान्य करावेत. रमाबाईंनी त्रैक्याच्या सिद्धांतासह अनेक बाबींवर प्रश्न उपस्थित केले. आपण ख्रिस्ताचे अनुयायित्व पत्करले आहे, कोणत्याही एका पंथाचे नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी शाकाहार सोडला नाही. गळ्यातील क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास भारतातील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी तीव्र नापसंती व्यक्त केली. या काळातील त्यांच्या पत्रव्यवहारातून सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याविषयीचे त्यांचे विचार स्पष्ट होतात. पुढे पुण्यात त्यांनी घेतलेल्या भूमिकेची मुळे येथे सापडतात.

अमेरिका आणि रमाबाई असोसिएशन

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियास गेल्या. त्यानंतर सुमारे अडीच वर्षे त्यांनी अमेरिका व कॅनडात व्याख्याने दिली. १८८७ मध्ये त्यांचा हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या विक्रीतून आणि व्याख्यानांतून निधी उभा राहिला. १८८७ च्या डिसेंबरमध्ये बोस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. या संस्थेने उच्चवर्णीय विधवांच्या शाळेस दहा वर्षे अर्थसाहाय्य देण्याचे मान्य केले.

असोसिएशनमध्ये विविध ख्रिस्ती पंथांचे लोक होते. तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मोपदेशक होते. शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, विद्यार्थिनींवर धर्मशिक्षण लादले जाणार नाही आणि त्यांना आपापले जातिनियम व आचार पाळण्याची मुभा असेल, हे तत्त्व निश्चित करण्यात आले. या अटीशिवाय ब्राह्मण कुटुंबांनी आपल्या विधवा मुली ख्रिस्ती बाईच्या हाती सोपवणे अशक्य होते.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. गोदूबाई जोशी ही विधवा तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होती. १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. संस्थेसाठी सल्लागार मंडळे नेमण्यात आली. त्यांत रानडे व भांडारकर यांचा समावेश होता. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास हलवण्यात आले.

सदनात मुलींचे केशवपन केले जात नसे. त्यांना चांगले अन्न, वस्त्र व शिक्षण मिळे. सोवळे-ओवळे, स्वतंत्र स्वयंपाक आणि व्रतवैकल्ये पाळण्यास आडकाठी नव्हती. ग्रंथालयात हिंदू धर्मग्रंथ आणि बायबल दोन्ही उपलब्ध होते.

धर्मविषयक वाद

सदन सुरू झाल्यापासूनच त्याच्या हेतूविषयी शंका व्यक्त होत होत्या. अमेरिकेतील एका ख्रिस्ती नियतकालिकात सदनातील काही मुलींचा ख्रिस्ती धर्माकडे ओढा असल्याचा मजकूर आला. त्याचा आधार घेऊन बाळ गंगाधर टिळक यांच्या केसरीने, शिक्षणाच्या आवरणाखाली धर्मप्रसार चालला असल्याची टीका केली.

याच सुमारास रमाबाईंच्या धार्मिक जीवनात बदल झाला. १८९१ च्या सुमारास, आपण आजवर ख्रिस्ती धर्म बौद्धिकदृष्ट्या स्वीकारला, परंतु ख्रिस्ताचा प्रत्यक्ष अनुभव घेतला नव्हता, अशी जाणीव त्यांना झाली. त्यांची वैयक्तिक उपासना अधिक उत्कट होऊ लागली. त्या आपल्या खोलीत मनोरमेसह दररोज बायबल वाचत व प्रार्थना करत. खोलीचे दार उघडे असे. हळूहळू काही विद्यार्थिनी आपणहून तेथे येऊन बसू लागल्या.

वादाचा मुख्य मुद्दा हे उघडे दार होता. मुलींना प्रार्थनेस बसण्याची सक्ती नव्हती, हे सामान्यतः मान्य होते. प्रश्न होता तो तटस्थतेच्या अर्थाचा. सल्लागार मंडळाच्या मते, पालकांनी मुली सदनात पाठवल्या त्या तटस्थतेच्या आश्वासनावर. पूर्णतः रमाबाईंवर अवलंबून असलेल्या, त्यांच्याकडून प्रथमच माया मिळालेल्या अल्पवयीन मुलींच्या बाबतीत प्रमुखाचे आचरण हाच एक प्रकारचा उपदेश ठरतो. म्हणून रमाबाईंनी आपली उपासना खाजगी ठेवावी आणि पालकांच्या संमतीवाचून मुलींना तीत सहभागी होऊ देऊ नये, अशी त्यांची अपेक्षा होती. स्त्रीशिक्षण म्हणजे धर्मांतर असे समीकरण एकदा रूढ झाले, तर सुधारणेच्या चळवळीची मोठी हानी होईल, ही चिंताही त्यामागे होती.

रमाबाईंच्या मते, तटस्थता म्हणजे सक्तीचा अभाव. हिंदू मुलींना आपल्या देवांची पूजा करण्याचे स्वातंत्र्य असेल, तर संस्थेच्या प्रमुखालाही आपल्या देवाची प्रार्थना करण्याचे स्वातंत्र्य हवे, असे त्यांचे म्हणणे होते. एखादी मुलगी आपल्या इच्छेने खोलीत आली, तर तिला बाहेर काढणे किंवा दार लावून घेणे म्हणजे आपल्या श्रद्धेची लाज बाळगण्यासारखे आहे, अशी त्यांची धारणा होती. आपण ख्रिस्ती असल्याचे त्यांनी कोणापासूनही लपवले नव्हते.

दोन्ही बाजूंत तडजोड झाली नाही. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सदनाशी असलेला संबंध तोडला आणि तसे असोसिएशनला कळवले. अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. असोसिएशनने मात्र रमाबाईंवरील विश्वास कायम ठेवला. सदन चालू राहिले, परंतु पुण्यातील सुधारकांचा आधार त्याने गमावला. त्यानंतरच्या काळात सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे टीकाकारांना आपली शंका खरी ठरल्यासारखे वाटले.

या घटनेचा एक दूरगामी परिणाम झाला. विधवांसाठी हिंदू समाजाचा विश्वास असलेली स्वतंत्र संस्था हवी, ही गरज तीव्रतेने जाणवली. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. तो पुढे हिंगणे येथे वाढला. शारदा सदनातील माजी विद्यार्थिनी आनंदीबाई कर्वे यांनीही या कार्यात मोठा वाटा उचलला. अशा रीतीने रमाबाईंच्या संस्थेपासून दूर गेलेल्या प्रवाहातही त्यांच्या कार्याचा अंश राहिला.

मुक्ती मिशन

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतः दुष्काळात आई-वडील गमावलेल्या रमाबाईंनी तेथील निराधार मुली व स्त्रियांना आश्रय देण्यास प्रारंभ केला. सुमारे ३०० जणींना त्यांनी आणले. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे या मुलींची व्यवस्था पुण्यापासून जवळच केडगाव (ता. दौंड) येथे आधीच घेतलेल्या शेतजमिनीवर करण्यात आली. तेथे मुक्ती मिशनचा उदय झाला.

१८९८ मध्ये असोसिएशनच्या साहाय्याची दहा वर्षांची मुदत संपली. रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि असोसिएशनची पुनर्रचना झाली. यापुढे धर्मविषयक तटस्थतेची अट राहिली नाही. मुक्ती मिशन ही प्रथमपासूनच उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. शारदा सदनात प्रश्न होता तो दिलेल्या आश्वासनाचा. केडगावात तसे आश्वासनच नव्हते. येथे येणाऱ्याला संस्थेचा धर्म आधीच ठाऊक होता. मात्र उपासमारीने आलेल्या आणि परतीची वाट नसलेल्या मुलींनी केलेले धर्मांतर कितपत मुक्त निवडीचे होते, हा आक्षेप टीकाकारांनी कायम ठेवला.

१९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या आणखी वाढून दोन हजारांच्या जवळ पोहोचली. संस्थेत शेती, विणकाम, शिवणकाम, दुग्धव्यवसाय, तेलघाणा, छपाई इत्यादी व्यवसाय शिकवले जात. पीडित स्त्रियांसाठी कृपा सदन उभारण्यात आले. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याची व्यवस्था मनोरमाबाईंनी केली. ख्रिस्ती झालेल्या मुलींनी भारतीय पोशाख व राहणी सोडू नये, याबाबत रमाबाई दक्ष होत्या. त्या स्वतः आयुष्यभर पांढरे लुगडे नेसत. कोणत्याही एका पंथाच्या मिशनशी त्यांनी संस्था जोडली नाही.

१९०५ मध्ये मुक्ती येथे धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली. मोठ्या आवाजातील सामूहिक प्रार्थना, अश्रू आणि पापकबुली यांमुळे या घटनेची चर्चा परदेशांतही झाली. मुलींची पथके आसपासच्या गावांत जाऊन शुभवर्तमान सांगू लागली. या भावनिक आविष्काराबद्दल ख्रिस्ती मिशनऱ्यांतही मतभेद होते. १८९३ मध्ये खोलीचे दार उघडे ठेवण्यापुरती असलेली रमाबाईंची भूमिका या टप्प्यावर सार्वजनिक धर्मसाक्षीपर्यंत पोहोचली. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आध्यात्मिक आत्मनिवेदनात त्यांनी या प्रवासाचा वृत्तांत दिला आहे.

बायबलचे भाषांतर

प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर असून ती खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना समजत नाही, असे रमाबाईंचे मत होते. म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून मूळ ग्रंथांवरून सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले. हे काम आयुष्याच्या अखेरपर्यंत चालले. अक्षरजुळणी, छपाई आणि बांधणी ही कामे केडगावच्या छापखान्यात स्त्रियांनीच केली. संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच स्त्रीने संपूर्ण बायबलचे भाषांतर केल्याचे हे जगातील मोजक्या उदाहरणांपैकी एक मानले जाते.

अखेरचा काळ

१९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. कन्या मनोरमा ही त्यांची प्रमुख सहकारी होती. तिने संस्थेच्या शिक्षणकार्यात मोठा वाटा उचलला आणि गुलबर्गा येथे मुलींची शाळा सुरू केली. १९२१ मध्ये तिचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले.

लेखन

रमाबाईंनी मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत लेखन केले. स्त्रीधर्मनीति (१८८२), इंग्लंडचा प्रवास (१८८३) आणि युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त (१८८९) ही त्यांची मराठी पुस्तके होत. अमेरिकेवरील पुस्तकात तेथील राज्यव्यवस्था, शिक्षण, धर्म आणि स्त्रियांच्या संघटनांचे तपशीलवार वर्णन आहे.

मूल्यमापन

रमाबाईंच्या धर्मांतराने त्यांच्या कार्याचे मूल्यमापन दीर्घकाळ प्रभावित केले. महाराष्ट्रातील समाजसुधारणेच्या इतिहासात त्यांना बराच काळ दुय्यम स्थान मिळाले, तर मिशनरी लेखनात त्यांच्यातील स्वतंत्र विचारवंत व टीकाकार अनेकदा झाकोळला गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रीवादी अभ्यासकांनी त्यांच्या लेखनाचे पुनर्वाचन केले. त्यानंतर हिंदू पितृसत्तेवर आणि चर्चच्या अधिकारशाहीवर एकाच वेळी प्रश्न उपस्थित करणाऱ्या विचारवंत म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाऊ लागले.

१८९३ च्या वादाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काहींच्या मते, सुधारकांनी एका विदुषीकडून असे मौन अपेक्षिले, जे त्यांनी स्वतःच्या श्रद्धेबाबत कधी पाळले नाही. प्रार्थना समाजाच्या उपासना उघडपणेच होत असत. इतरांच्या मते, प्रश्न श्रद्धेचा नसून विश्वस्ताच्या जबाबदारीचा होता आणि पालकांना दिलेल्या आश्वासनाचा अर्थ एकतर्फी ठरवण्याचा अधिकार रमाबाईंना नव्हता. या वादात दोन्ही बाजूंनी सद्हेतूने भाग घेतला आणि दोघांचेही नुकसान झाले. सुधारकांनी एक समर्थ सहकारी गमावली. रमाबाईंना ज्या उच्चवर्णीय विधवांसाठी संस्था उभारायची होती, त्यांच्यापैकी अनेकींपर्यंत त्या पुढे पोहोचू शकल्या नाहीत.

सन्मान

२६ ऑक्टोबर १९८९ रोजी भारतीय टपाल खात्याने रमाबाईंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन आहे. केडगाव येथील मुक्ती मिशनचे कार्य त्यांच्या पश्चातही चालू राहिले आहे.